गोगलगाय-कासवाची काठी

आमच्या अबेदवासे गावात कुणी विचारलं, "बिरागो, तुझा मामा कोण गं?" की मी हातातला मासा खाली ठेवते आणि सांगते, ओच्यामे बाफी. विचारणारा नुसता "हं" म्हणतो. त्या "हं"मध्ये काय काय असतं ते मला पुरतं ठाऊक आहे. "हाच ना तो, ज्याच्या हातातली काठी काढून घेतली?" असं त्या "हं"चं सरळ भाषांतर आहे. माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते, आणि मग त्या गिऱ्हाइकाला मी शेपटीकडचा तुकडा देते.

नानांनी, म्हणजे गावच्या राजानं, लोकांशी थेट बोलायचं नाही आणि लोकांनी नानांशी थेट बोलायचं नाही, ही आमची रीत. मध्ये ओच्यामे उभा. नाना पुटपुटणार, ओच्यामे ते मोठ्यानं सांगणार. गावकरी बोलणार, ओच्यामे ते नानांपर्यंत नेणार. हातात काठी, तिच्या टोकाला कोरीवकाम, वर सोन्याचा वर्ख. माझ्या मामाच्या काठीवर एक गोगलगाय होती आणि एक कासव. रानात गोगलगाय आणि कासव एवढीच असती तर बंदुकीचा बार कधी झालाच नसता, असं आमच्याकडे म्हणतात. मामा तसाच होता, अंगात कवच घालून जन्मलेला.

आणि नाना अम्पाओ? गादीवर बसायच्या आधी लाकडाचा ट्रक चालवायचे. बोलायचेही तसेच, समोर माणूस दिसला की हॉर्न. एकदा कुणाची तरी शेळी त्यांच्या केळीत शिरली. नाना पुटपुटले, "त्याला सांग, पुन्हा दिसली तर शेळीसकट त्यालाच कापीन." पुढच्या रांगेत बसलेल्या आम्हा चारचौघींना ते ऐकू आलं. मामा काठी पुढे करून म्हणाला, "नाना म्हणतात, शेळीला कुंपण कळत नाही, मालकाला कळतं. हिचा मालक शहाणा आहे, असं नानांच्या कानावर आहे." शेळीवाला खूश, नाना खूश. नानांना तर घरी जाईपर्यंत वाटत असणार, आपणच हे बोललो.

एकतीस वर्षं मामानं हे केलं. नानांच्या आधीच्या नानांचंही त्यानंच केलं. आमच्यात म्हणतात, वाईट राजा नसतोच, वाईट ओच्यामे असतो. ऐकायला किती गोड. त्याचा अर्थ मला फार उशिरा कळला. चांगलं निघालं तर ते राजाचं, आणि वाकडं निघालं तर ते ओच्यामेचं.

घरात मात्र मामाच्या तोंडाला कुलूप. रश्शात मीठ नसलं तरी बोलायचा नाही, मुकाट्यानं फुफूचा, म्हणजे कांडलेल्या कंदाचा, गोळा गिळायचा. माझी आई, म्हणजे त्याची बहीण, म्हणायची, "अरे, दरबारात एवढा पाझरतोस, घरात दोन थेंब तरी सांड." तो हसायचा. मी त्याला म्हणायचे, "मला शिकव ना तुझं बोलणं." तो म्हणायचा, "तुझं तोंड मिरचीचं आहे, बिरागो. मिरची रश्शात लागते, दरबारात नाही." मला राग यायचा, पण खोटं काही नव्हतं त्यात.

त्यानं शिकवलं कुणाला, तर दुफिएला.

दुफिए माझ्या वर्गातली. सहावीपर्यंत आम्ही एका बाकावर. तिची पाटी मी पुसायचे, तिच्या वाटणीचं पाणी मीच भरायचे, कारण तिच्या हाताला म्हणे फोड यायचे. सहावीनंतर मी माशांच्या भट्टीला लागले आणि ती शिकत शिकत थेट राजधानीला, अक्राला गेली, तिथून समुद्रापलीकडे, आणि परत आली ती डॉक्टर होऊन. सुया टोचणारी नव्हे. भाषेची. ओच्यामेला इंग्रजीत लिंग्विस्ट म्हणतात, साहेबाच्या काळापासून. आणि विद्यापीठात भाषेचं शास्त्र शिकवणाऱ्यांनाही लिंग्विस्टच म्हणतात. दुफिएला याचं भारी कौतुक. आमच्या अंगणात बसून म्हणायची, "मामा, तुम्ही लिंग्विस्ट, मीही लिंग्विस्ट."

"तुझी काठी कुठंय?" मामा विचारायचा.

ती पेन दाखवायची. मामा खो-खो हसायचा. मी कधी इतकं हसवलं नव्हतं त्याला.

तिचं पुस्तक चालू होतं, दरबारातल्या बोलण्यावर. नानांना तिनं रीतसर दारूची बाटली दिली, परवानगी मागितली. नाना फुलले. आपलं बोलणं पुस्तकात येणार म्हटल्यावर ट्रकवाला माणूस दुसरं काय करणार? मग तिनं मामाच्या वस्त्राला, गळ्यापाशी, एक बटणाएवढं यंत्र लावलं. त्याची तार कमरेच्या डबीत. मी मामाला म्हटलं, "हे काय डोरलं घातलंस?" तो म्हणाला, "लेक आहे आपल्या गावची. कामाला येतंय तिच्या, येऊ दे."

आता तो दिवस सांगते. शेजारचं दादेक्रोम गाव. त्यांची स्मशानभूमी आमच्या कोकोच्या बागांपलीकडे, आणि तिकडे जायची वाट आमच्या हद्दीतून. कोकोच्या चोरीवरून काहीतरी भांडण झालं आणि नाना अम्पाओंनी ती वाट बंद केली. दादेक्रोममधली एक म्हातारी तीन आठवडे इस्पितळाच्या शीतगृहात पडून होती, पुरायला वाट नाही म्हणून. शेवटी त्यांचे वडीलधारे आले, डोकं खाली घालून. वाट मागायला आले होते, भांडायला नव्हे.

त्यांचं बोलणं मामानं नानांना सांगितलं. नाना खाली वाकून काहीतरी पुटपुटले. त्या दिवशी पुढच्या रांगेतही काही ऐकू आलं नाही. मी एवढंच बघितलं, की एरवी मामा लगेच बोलायचा, पण त्या दिवशी त्यानं काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. थोडा थांबला. मग म्हणाला, "नाना म्हणतात, ही वाट नानांनी पाडलेली नाही. तुमच्या आणि आमच्या आज्या पाण्याला जाताना जिथं भेटायच्या, तिथं त्यांच्या पायांनी ती पडली. आज्यांची वाट नातवानं कशी अडवावी? एक मेंढा आणा, रान माजलंय ते दोन्ही गावं मिळून साफ करू."

दादेक्रोमचे म्हातारे रडले. नानांनी एकदा मामाकडे बघितलं आणि मान हलवली. तिसऱ्या दिवशी दोन्ही गावं कोयते घेऊन गेली, आणि त्या शनिवारी म्हातारी जमिनीत गेली. मीसुद्धा गेले होते रान तोडायला. हाताला फोड आले.

दोन वर्षांनी पुस्तक आलं.

दादेक्रोमचा एक मास्तर कुमासी शहरात परीक्षेचे पेपर तपासायला गेला होता, त्यानं ते तिथल्या ग्रंथालयात बघितलं. दुफिएनं आमच्या गावाचं नाव लिहिलं नव्हतं, नुसतं एक अक्षर घातलं होतं. पण ओढ्याचं नाव तसंच, वाटेवरच्या ओडुमच्या झाडाचंही तसंच. फार हुशार बाई. माणूस झाकला आणि त्याचं घर उघडं ठेवलं. पानावर दोन रकाने होते. डावीकडे, राजा काय म्हणाला. उजवीकडे, ओच्यामे काय म्हणाला.

उजवीकडे होतं आज्यांच्या वाटेचं. डावीकडे होतं, "यांची आजी उत्तरेच्या बाजारातून मिठाच्या बदल्यात आणलेली. गुलामांना कसली स्मशानं? म्हणावं, चुलीमागे पुरा."

आमच्याकडे कुणी कुणाचं मूळ काढत नाही. कोण कुठून आलं, कुणाची आजी कशी आली, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुणी उच्चारत नाही. नवरा-बायकोच्या भांडणात ताटं फुटतात, डोकी फुटतात, पण हे नाही. हे बोलला तर राजाचीसुद्धा गादी जाते. आणि ते यंत्र, मामाच्या गळ्याशी टांगलेलं, नानांचं पुटपुटणं टिपून बसलं होतं.

त्या मास्तरानं ते पान हातानं उतरवून गावात नेलं. दोन दिवसांत दादेक्रोम पेटलं. वाटेवर पोरं कोयते घेऊन उभी, या वेळी रान तोडायला नव्हे. तक्रार मोठ्या नानांच्या दरबारात गेली. हे मोठे नाना म्हणजे दोन्ही गावांच्या वरचे. वीस दिवसांनी तारीख पडली.

नाना अम्पाओंनी मामाला बोलावलं. दारं बंद करून. काय बोलणं झालं, मामानं सांगितलं नाही. पण बाहेर आला तेव्हा मी त्याचा चेहरा बघितला, आणि मला सगळं कळलं. मी म्हटलं, "तुझ्यावर घ्यायला सांगितलं ना?"

"सांगायला कशाला हवं?" मामा म्हणाला. "रीतच आहे."

"रीत गेली चुलीत. बोलला तो, आणि निस्तरायचं तू?"

"तो बोलला हे कोण म्हणतं? राजा बोलतो ते ओच्यामेच्या तोंडून. त्याच्या आधी नुसता वारा असतो, बिरागो. नुसता वारा."

मी दुसऱ्या दिवशी पहाटेची गाडी पकडली आणि अक्राला गेले, अंगाला माशाच्या धुराचा वास घेऊन. विद्यापीठात दुफिएची खोली शोधायला मला दोन तास लागले. दारावर तिचं नाव, खाली पदव्या. आत थंडगार हवा, भिंतभर पुस्तकं, आणि बाई खुर्चीवर. मला बघून उठली, मिठी मारायला आली. मी हात मागे घेतले.

"बस, पाणी घे," ती म्हणाली.

"पाणी नको. तू काय केलंस माहितीये तुला?"

तिला माहिती होतं. तिच्या कानावर आलं होतं. टेबलावर तेच पुस्तक, तेच पान उघडं. ती म्हणाली, "मी मामांचं कौतुकच केलंय. वाच ना. त्या एका माणसानं तीन आठवड्यांचं भांडण एका श्वासात मिटवलं, असं लिहिलंय मी. परदेशातले लोक तो धडा शिकवतात."

"परदेशातल्या लोकांना काय, त्यांच्या आज्या नाहीत त्यात."

"बिरागो, माझं काम आहे, जे बोललं गेलं ते जसंच्या तसं लिहायचं."

"आणि मामाचं काम होतं, ते जसंच्या तसं बाहेर जाऊ द्यायचं नाही. तू त्याच्या गळ्याला यंत्र लावून त्याच्याच कामाचा गळा दाबलास. सहावीत होतीस तेव्हापासून तुला कळत होतं, की कुणाचं मूळ काढायचं नाही. समुद्र ओलांडताना ते पाण्यात पडलं का?"

तिनं पुढ्यातलं पुस्तक मिटलं. मग म्हणाली, "मला वाटलं, शास्त्रात ते चालतं." तिचा आवाज अगदी बारीक झाला होता, बाकावर बसणारी दुफिए बोलावी तसा. मला क्षणभर कीव आली, आणि कीव आल्याचा आणखी राग आला.

"शास्त्र तुझ्यापाशी ठेव," मी म्हटलं. "तारखेला ये. सगळ्यांसमोर सांग, की ते शब्द नानांचे आणि चांगले शब्द मामाचे. तुझ्याकडे यंत्र आहे, पुरावा आहे. मामाची काठी वाचव. एवढंच कर, मग मी तुला पुन्हा मासे विकीन."

"येते," ती म्हणाली. "खरं ते सांगते."

आणि ती आली, हे तिच्या बाजूनं सांगायला हवं. नोकरीवर रजा टाकून आली, साधं काळं वस्त्र गुंडाळून आली, यंत्राची डबी पिशवीत घेऊन आली. मोठ्या दरबारात आमच्या गावची माणसं एका बाजूला, दादेक्रोमची चाळीसेक दुसऱ्या बाजूला, मध्ये मोठ्या नानांचा ओच्यामे. नाना अम्पाओ छत्रीखाली, दगड बसवावा तसे. मामा त्यांच्या शेजारी उभा, गोगलगाय-कासवाची काठी हातात.

दुफिए उभी राहिली. शब्द स्वच्छ. ती म्हणाली, "ते वाईट शब्द नाना अम्पाओंचे आहेत. मी स्वतः शंभर वेळा ऐकलेत. ओच्यामे बाफींनी ते बदलले. वाट उघडली ती ओच्यामेंनी. त्यांचा काही दोष नाही."

दोनशे माणसांनी ऐकलं. मी मनात म्हटलं, सुटलो. चुकलं ते माझं. मी इतकी वर्षं ओच्यामेच्या घरात राहून साधी रीत विसरले. आमच्या गावच्या माणसाचं बोलणं मोठ्या दरबारात न्यायचं कुणी? आमच्या गावच्या ओच्यामेनं. निकाल लागेपर्यंत काठी ज्याच्या हातात, तोच ओच्यामे.

मामा पुढे आला. काठी डाव्या हातात घेतली. मोठ्या नानांच्या ओच्यामेकडे बघून म्हणाला, "डॉक्टरीणबाई म्हणतात, यंत्र माझ्या गळ्याशी होतं. यंत्रात जे आहे ते माझ्या गळ्यातलं. माझ्या नानांनी आज्यांची वाट सांगितली, आणि माझ्या मनातली घाण मी स्वतःशीच पुटपुटलो."

दुफिए म्हणाली, "मी असं म्हटलं नाही."

मामा म्हणाला, "बाई म्हणतात, त्यांचं बोलून झालं."

मोठ्या नानांच्या ओच्यामेनं ते शब्द जसे मिळाले तसे वर नेले. पिशवीतली डबी ऐकवायची तर तेही मामाच्याच तोंडून मागायला हवं होतं. ज्या बाईनं हयातभर अभ्यास केला, की ओच्यामे शब्द कसे बदलतो, ती तोंड उघडं टाकून उभी राहिली. तिचं खरं बोलणं सगळ्यांनी कानांनी ऐकलं आणि दरबारात ते झालंच नाही. मी ओरडायला उठले, तर आईनं माझं वस्त्र धरून खाली ओढलं. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच.

दादेक्रोमच्या म्हाताऱ्यांनी एकमेकांकडे बघितलं. त्यांना कळत नव्हतं असं नाही. पण त्यांना राजा पाडायचा नव्हता, त्यांना लागलेला डाग धुऊन हवा होता. सात मेंढे ठरले. ते आमच्या घरानं दिले, राजवाड्यानं एक शेपूटसुद्धा दिलं नाही. आणि मामाची काठी काढून घेतली. मोठ्या नानांच्या माणसानं ती त्याच्या हातातून घेतली, तेव्हा मामाची बोटं लगेच उघडली नाहीत. एकेक करून उघडली. नाना अम्पाओंनी मान दुसरीकडे वळवली. चोर सोडून संन्याशाला फाशी, आणि चोर छत्रीखाली.

घरी येऊन मी काय काय बोलले ते सांगत नाही. नानांना बोलले, दुफिएला बोलले, शेवटी मामाला बोलले. "ती खरं सांगायला आली होती. तू तिला खोटं पाडलंस. का?"

मामा पाय धूत होता. म्हणाला, "नाना पडले असते तर गादीसाठी दोन घरं भांडली असती. एका घराला दादेक्रोमची साथ लागली असती, दुसऱ्यानं वाट बंद केली असती. बंदूक वाजली असती."

"आणि तुझं काय?"

"माझं काय? मी फुफू खाईन. कांडलाय का?"

मी कांडला. काय करणार? इतक्या जोरात कांडला, की आई म्हणाली, उखळ फुटेल.

त्यानंतर मामाच्या जागी डोम्फे आला. मामाच्याच हाताखाली नऊ वर्षं उभा राहिलेला, पण तोंड कसं, तर उकडलेल्या कोनफळासारखं. अडखळायचा, थांबायचा, नानांचे शब्द अर्धे गिळायचा. मी बाजारात त्याच्या नकला करायचे. मामा एकदा ऐकून म्हणाला, "हसू नकोस. त्याला थांबता येतं. थांबता येणं हेच अर्धं काम आहे." मला ते निव्वळ मोठेपण वाटलं. हा माणूस स्वतःची काठी घेणाऱ्याचीही बाजू घेणार.

दुफिए दोनदा आली. एकदा मामाला भेटली, मला नाही. दुसऱ्यांदा माझ्या टोपलीसमोर उभी राहिली. मी म्हटलं, "संपले मासे." टोपली भरलेली होती. ती गेली. पुस्तक नव्यानं छापलं तेव्हा तिनं ती पानं काढून टाकली, असं ऐकलं. बरं झालं हो. घर जळल्यावर पाण्याची बादली.

सहा वर्षं मामा काठीविना जगला. दरबाराच्या दिवशी घराच्या मागच्या बाजूला बसायचा, म्हणजे ढोल कमी ऐकू यावेत. हात मात्र रिकामा राहायचा नाही त्याचा. कधी विळा, कधी नुसतं काटुक, काहीतरी धरलेलं. त्या दरम्यान नाना अम्पाओही आपल्या गावाला गेले. राजा मेला असं आम्ही म्हणत नाही, गावाला गेला म्हणतो. बघा, तिथंही राजासाठी वेगळा शब्द. त्यांच्या जागी रीतीप्रमाणे त्यांचा भाचा बसला, नाना तविया. आणि कोरडे वारे सुटले त्या महिन्यात माझा मामा मेला. तो मेलाच. त्याला कुठलं गाव?

ओच्यामे गेला की त्याच्या उशाशी त्याची काठी उभी करतात. लोक येतात, आधी काठीला वंदन करतात, मग माणसाला. काठी नसली तर तो कुणी का असेना, एक म्हातारा. आमच्या घरानं राजवाड्यात निरोप पाठवला. उत्तर आलं, मोठ्या दरबाराच्या निकालानं काढलेली काठी अशी देता येत नाही. आमच्या घराचा वडीलधारा मला म्हणाला, "बिरागो, झालं ते झालं. तोंड आवर." तोंड आवरायचं, तोंड आवरायचं, या एका गोष्टीत आमच्या घराचा जन्म गेला.

शनिवारी मयताला दोन्ही गावं आली. दादेक्रोम अख्खं आलं, काळी-तांबडी वस्त्रं नेसून, त्याच वाटेनं. ज्यानं त्यांच्या आजीला शिवी दिली म्हणून दरबारात ठरलं होतं, त्याला मूठमाती द्यायला. मागे एका झाडाखाली दुफिए उभी होती. हात रिकामे.

मामाच्या उशाशी भिंत होती, नुसती भिंत. मी ती भिंत बघत बसले आणि माझं डोकं फिरलं. नाना तविया छत्रीखाली येऊन बसले, शेजारी डोम्फे, त्याच्या हातात ती काठी. तीच. गोगलगाय आणि कासव.

मी उठले. कुणाला विचारलं नाही, कुणाच्या मार्फत नाही, सरळ नानांच्या तोंडाकडे बघून बोलले. "नाना तविया, तुमच्या मामाच्या तोंडची घाण माझ्या मामानं गिळली. इथं बसलेल्या एकूण एक माणसाला हे ठाऊक आहे. दादेक्रोमलाही ठाऊक आहे. गिळली आणि सहा वर्षं घशात घेऊन बसला. आणि तुम्ही त्याच्या उशाला एक लाकूड ठेवायला घाबरता. तुमचा मामा भित्रा होता आणि तुम्हीही भित्रे आहात."

ढोलवाल्याचा हात वरच राहिला. राजाला तोंडावर भित्रा म्हणणं म्हणजे काय, ते मला माहीत होतं. आता मेंढे, दंड, कदाचित गाव सोडायला लागेल. लागू दे, म्हटलं.

डोम्फे पुढे आला. काठी उजव्या हातातून डाव्या हातात घेतली. थांबला. तो कोनफळतोंड्या इतका वेळ थांबला, की मला वाटलं, अडखळला.

मग म्हणाला, "नाना, ओच्यामे बाफींची भाची म्हणते, की दोन मामा गेले. एकानं ओझं दिलं, एकानं ते वाहिलं. वाहणारा दमून निजलाय. उठेल तेव्हा टेकायला त्याला काठी लागेल. तेवढी द्यावी."

नाना तवियांनी माझ्याकडे बघितलं. त्यांनी माझा शब्द न् शब्द ऐकला होता. त्यांचे कान लाल झाले होते. ते खाली वाकून काहीतरी पुटपुटले, आणि देव जाणे काय पुटपुटले.

डोम्फे म्हणाला, "नाना म्हणतात, भाचीनं रीतीनं मागितलं. रीतीनं मागितलेलं नाना नाकारत नाहीत."

आणि त्यानं हातातली काठी नेऊन मामाच्या उशाशी भिंतीला टेकवली. सगळे उठले. आमचं गाव, दादेक्रोम, सगळे रांगेनं आले आणि आधी काठीपुढे वाकले, मग मामापुढे. आई रडत होती, हसत होती, माझा हात दाबत होती. "मिळाली गं, मिळाली."

मिळाली. मी जे बोललेच नव्हते त्यावर मिळाली. मी जे बोलले त्यातलं एक अक्षरही दरबारात पोचलं नाही. मामाचा सगळा हिशेब मी त्या चार वाक्यांत चुकता केला होता, आणि मामाच्याच चेल्यानं तो पुसून त्याच्या जागी एक गोड विनंती लिहिली. काठीपुढे वाकताना माझे दात एकमेकांवर घासत होते.

झाडाखाली गेले. दुफिए तिथंच होती. तिचे डोळे सुजलेले.

"मी ऐकलं, तू काय म्हणालीस ते," ती म्हणाली.

"लिहिणार आहेस?"

"नाही. कधीच नाही. शिकले मी, बिरागो. शपथ."

हिनं लिहिलं म्हणून सहा वर्षं मी हिच्या नावानं बोटं मोडली होती.

"आत्ता कशाला शिकलीस?" मी म्हटलं. "काढ तुझी काठी. लिही. डावीकडे, बिरागो काय म्हणाली. आणि त्यातलं काही बदलू नकोस."